व्यवसायाचा सल्ला ऑनलाइन विकणाऱ्यांचे मानसिक डावपेच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याला लाखो रुपये कमावतो असे सांगणारा माणूस ९९ रुपयांचा वेबिनार का घेतो?

त्या ९९ रुपयांतून त्याला प्रामुख्याने गाळलेली यादी मिळते. फुकट कार्यक्रमाला कोणीही नाव नोंदवतो. पैसे भरणारा मात्र नाव आणि मोबाइल क्रमांक देतो, यूपीआयवर एक व्यवहार पूर्ण करतो आणि त्याच क्षणी स्वतःच्या नजरेत 'व्यवसायाबद्दल गंभीर असलेला माणूस' ठरतो. पुढची सगळी विक्री या स्वतःबद्दलच्या प्रतिमेवर उभी राहते. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या अमेरिकन संशोधकांनी कॅलिफोर्नियातील काही घरमालकांना अंगणात 'गाडी जपून चालवा' अशा अर्थाचा भला मोठा, ओबडधोबड फलक लावू देण्याची विनंती केली, तेव्हा शंभरांतील सतराही जण तयार झाले नाहीत. ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची छोटीशी पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यापैकी मात्र ७६ टक्के लोकांनी मोठ्या फलकालाही मान्यता दिली. ९९ रुपये ही ती छोटी पाटी आहे.

वेबिनारमध्ये उपयोगी माहिती मिळाली, तरीही संशय घ्यावा का?

माहितीवर संशय घेण्याचे कारण नाही, तिच्या बदल्यात मनात तयार होणाऱ्या ऋणाकडे मात्र लक्ष ठेवावे. १९७१ मधील मानसशास्त्रज्ञ डेनिस रीगन यांच्या प्रयोगात, ज्याने न मागता शीतपेयाची बाटली आणून दिली त्याच्याकडून लोकांनी लॉटरीची तिकिटे इतरांच्या जवळजवळ दुप्पट घेतली. आपल्याकडे तर कोणाचे फुकट खाऊ नये हा संस्कारच आहे, त्यामुळे तीन तास घसा कोरडा करून बोललेल्या माणसाला शेवटी 'नको' म्हणणे पुष्कळांना उद्धटपणाचे वाटते. वेबिनार इतका लांबवण्यामागे आणखी एक हिशेब असतो. किंमत अगदी शेवटी सांगितली जाते, आणि तोपर्यंत ऐकणाऱ्याची एक पूर्ण संध्याकाळ खर्च झालेली असते. काहीच न घेता उठणे म्हणजे ती संध्याकाळ वाया घालवणे, असे त्याला वाटू लागते. दिलेल्या माहितीतही एक ठरावीक कापणी असते. काय करायचे ते भरभरून सांगितले जाते, जसे की इन्स्टाग्रामवर या, ग्राहकांची यादी करा, दर वाढवा. कसे करायचे ते कोर्ससाठी राखून ठेवले जाते.

'एकूण मूल्य १,४७,००० रुपये, आज फक्त ९,९९९' अशी मांडणी का केली जाते?

मोठा आकडा आधी कानावर पडला की पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहिला जातो. ट्व्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातील एक प्रयोग यासाठी पुरेसा आहे. आकड्यांचे एक चक्र फिरवून, संयुक्त राष्ट्रसंघातील आफ्रिकी देशांचे प्रमाण किती असेल, असे लोकांना विचारण्यात आले. चक्रावर १० आलेल्यांचा मध्यम अंदाज २५ टक्के होता, ६५ आलेल्यांचा ४५ टक्के. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही, हे सर्वांना दिसत असूनही असे झाले.

१,४७,००० हा आकडा कोणत्याही बाजारभावातून आलेला नसतो. 'बोनस' म्हणून दिलेल्या पीडीएफची किंमत विक्रेत्यानेच ठरवलेली असते आणि ती पीडीएफ त्या किमतीला कोणीही कधी विकत घेतलेली नसते. म्हणून बोनसांच्या यादीवर आडवी रेघ मारून एवढेच विचारावे: या ९,९९९ रुपयांत मला जे शिकवले जाणार आहे ते मला आज नेमके कोणत्या कामासाठी हवे आहे? ज्यांना याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, त्यांनी त्या दिवशी पैसे भरू नयेत.

'फक्त ७ जागा शिल्लक' हे खरे असू शकते का?

समोरासमोर किंवा एकेकट्याला मार्गदर्शन असेल, तर असू शकते. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंना मात्र जागांची मर्यादा नसते. पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा दुसऱ्या फोनवर उघडून पाहावे. घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू झाले, तर ते घड्याळ तुमच्यासाठी बसवलेले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फसवणारी संकेतस्थळावरील मांडणी, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली असून, त्यांतील तेरा प्रकारांत अशा खोट्या निकडीचा स्पष्ट समावेश आहे. त्याच यादीत ग्राहकाला लाजवून होकार मिळवण्याचाही प्रकार आहे. 'नको, मला आहे तिथेच राहायचे आहे' असे लिहिलेले बटण दाबल्याशिवाय खिडकी बंद होत नसेल, तर तो हाच प्रकार समजावा.

'मराठी माणूस धंद्यात मागे का?' या प्रश्नाने इतक्या जाहिराती का सुरू होतात?

या प्रश्नामुळे चौकशीची दिशाच बदलते. गिऱ्हाइकाने विक्रेत्याला विचारायला हवे की तुम्ही आजवर कोणता व्यवसाय चालवला. पण या पहिल्याच वाक्यानंतर गिऱ्हाईक स्वतःची झडती घेऊ लागते: आपण घाबरट आहोत का, आपल्या घरी सगळ्यांनी नोकरीच केली म्हणून आपणही तेच करणार का. या पानावर ज्या ज्या डावपेचांचा उल्लेख आहे, ते सारे थोड्याफार फरकाने हेच एक काम करतात. सल्ल्याचा कस बाजूला राहतो आणि सल्ला घेणाऱ्याची लायकी तपासली जाऊ लागते.

त्यातच एक जुनी युक्ती मिसळलेली असते. 'तुम्ही मेहनती आहात, तुमच्यात क्षमता आहे, पण तिला अजून वाव मिळालेला नाही' हे वाक्य ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपल्याबद्दलच लिहिले आहे असे वाटते. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एकच व्यक्तिवर्णन दिले होते, आणि त्यातही न वापरलेल्या क्षमतेचे वाक्य होते. ते वर्णन किती अचूक आहे, यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

मराठी माणसाला धंदा जमत नाही हे विधान मुळातही कच्चे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळरानावर कारखाना उभारला, दांडेकरांच्या कॅम्लिनची सुरुवात १९३१ ची. ही नावे अशा वेबिनारमध्ये येतात, पण बहुधा भिंतीवरच्या तसबिरींसारखी. त्यांनी भांडवल कोठून उभे केले आणि पहिली गिऱ्हाइके कशी मिळवली, यावर एक वाक्यही बोलले जात नाही.

दाखवलेल्या यशोगाथा खऱ्या असतील, तर मग हरकत काय?

हरकत छेदाची, म्हणजे एकूण किती जणांपैकी, याची आहे. दहा जणांनी व्यवसाय वाढल्याचे कॅमेऱ्यासमोर सांगितले आणि ते शंभर टक्के खरे असले, तरी कोर्स घेणारे पन्नास होते की पाच हजार, हे कळल्याशिवाय त्या दहांना काही अर्थ नाही. बाकीच्यांचे व्हिडिओ कोणी काढत नाही. शिवाय त्या दहांपैकी किती जणांचा धंदा कोर्सच्या आधीपासूनच चालू होता, आणि किती जण आता तोच कोर्स इतरांना विकून कमिशन घेत आहेत, हेही विचारावे. हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर झूमवर जी शांतता पसरते, ती पुष्कळ काही सांगून जाते.

स्क्रीनशॉटबद्दल थोडक्यात: पेमेंट गेटवेवर दिसणारा आकडा जमा रकमेचा असतो. जाहिरातींवरचा खर्च, परतावे आणि कर वजा केल्यावर त्यातले किती उरले, हे त्यावरून कळत नाही.

'निकाल व्यक्तीनुसार बदलू शकतात' या बारीक टिपेने विक्रेता आपोआप सुटत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी टीप मूळ दाव्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, आणि ती दाव्याच्याच भाषेत द्यावी लागते. जाहिरात मराठीत आणि टीप मात्र इंग्रजीत, हा नेहमी दिसणारा प्रकार त्यामुळे नियमाला सोडून आहे.

मोफत 'स्ट्रॅटेजी कॉल'वर नेमके काय होते?

व्यवसायाची दिशा ठरवून देतो असे सांगून केल्या जाणाऱ्या या फोनवर सर्वांत महागडी विक्री होते, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. कॉलआधी एक अर्ज भरून घेतला जातो आणि त्यात सध्याचे उत्पन्न, हवे असलेले उत्पन्न आणि 'स्वतःवर किती गुंतवणूक करण्याची तयारी आहे' हे विचारलेले असते. अर्ज या शब्दातच मेख आहे: अर्ज करणारा उमेदवार असतो आणि उमेदवाराने पसंत पडायचे असते. 'आम्ही सर्वांनाच घेत नाही' हे वाक्य पुढे येतेच. फोन करणारी व्यक्ती सल्लागार किंवा कोच म्हणवली जात असली, तरी बहुधा ती कमिशनवर काम करणारी विक्री प्रतिनिधी असते आणि तिच्यासमोर लिहिलेली संहिता असते.

संभाषणाचा पहिला भाग दुखण्याचा असतो. कर्ज किती आहे, मुलांची फी वेळेवर भरली जाते का, सासरी काय बोलतात, असे प्रश्न विचारले जातात आणि उत्तर आल्यावर फोनवर मुद्दाम गप्प बसले जाते, म्हणजे समोरचा आणखी बोलतो. दुसऱ्या भागात पाच वर्षांनंतरचे चित्र रंगवून घेतले जाते, तेही शक्यतो तुमच्याच तोंडून, कारण स्वतः उच्चारलेल्या वाक्यापासून माघार घेणे कठीण जाते. मग किंमत. 'विचार करून सांगतो' म्हटल्यास 'नेमका कशाचा विचार करणार?' असे विचारले जाते. 'घरी विचारतो' किंवा 'मिस्टरांशी बोलते' म्हटल्यास 'स्वतःच्या आयुष्याचा निर्णय तुम्हाला घेता येत नाही का?' असा प्रतिप्रश्न येतो. एकत्रित पैशातून एवढी रक्कम काढताना घरच्यांशी बोलणे हा साधा व्यवहार आहे, पण या प्रश्नानंतर तो दुबळेपणा वाटू लागतो. पैसे नाहीत म्हटले, तर तिथल्या तिथे क्रेडिट कार्डाची उरलेली मर्यादा विचारली जाते किंवा ईएमआयच्या नावाखाली डिजिटल कर्जाची लिंक पाठवली जाते.

कर्ज काढून व्यवसायाचा कोर्स घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच पैशात पहिल्या गिऱ्हाइकासाठी माल, साधन किंवा परवाना घेता येतो, आणि त्यातून मिळणारी शिकवण कोणत्याही व्हिडिओपेक्षा पक्की असते.

हे सारे डावपेच एकत्र वापरल्याचे एखादे नोंदवलेले उदाहरण आहे का?

अमेरिकेतील व्यापार आयोगाने (एफटीसी) जून २०१८ मध्ये 'मोबे', म्हणजे 'माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन', या जाळ्यावर कारवाई केली. तेथे प्रवेश ४९ डॉलरचा होता. त्या रकमेत एकवीस पायऱ्यांची पद्धत शिकवली जाणार होती, पण पायऱ्या चढता चढता एकेक सदस्यत्व विकत घ्यावे लागे: चांदी, सोने, टायटॅनियम, प्लॅटिनम आणि शेवटी हिरा. वरच्या पायऱ्यांची किंमत हजारो डॉलरमध्ये होती. भरपूर पैसे भरल्यानंतर उलगडा होई की ही पद्धत म्हणजे हीच सदस्यत्वे दुसऱ्यांना विकून कमिशन मिळवणे. आयोगाच्या आरोपानुसार लोकांचे साडेबारा कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले होते. २०२२ मध्ये सुमारे २.३ कोटी डॉलर परत वाटण्यात आले. आकड्यांमधील हा फरक लक्षात ठेवावा, कारण यशस्वी कारवाईनंतरही परत येणारी रक्कम अशी तुटपुंजी असू शकते.

त्याआधीच्या, डोनाल्ड ट्रम्प यांच्या 'ट्रम्प विद्यापीठ' या प्रशिक्षण कंपनीच्या प्रकरणातही पायऱ्या अशाच होत्या. आधी मोफत सभा, मग १,४९५ डॉलरचे तीन दिवसांचे शिबिर, त्यावर जवळजवळ ३५,००० डॉलरचे 'एलिट' मार्गदर्शन. त्यावरून झालेले खटले नोव्हेंबर २०१६ मध्ये अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटले. त्यात चूक मान्य केलेली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.

'माइंडसेट'वर एवढा भर का दिला जातो?

त्यामुळे सल्ला कधीच चुकीचा ठरत नाही. धंदा वाढला तर कोर्समुळे, न वाढला तर तुमच्या मानसिकतेमुळे. 'मी सांगितल्याप्रमाणे जाहिरात केली, तीस हजार रुपये गेले आणि एकही ऑर्डर आली नाही' असे व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिणाऱ्याला उत्पादन, दर किंवा बाजारपेठ यांबद्दल काही विचारले जात नाही. नकारात्मकता पसरवू नका असे सांगितले जाते, आणि पुन्हा लिहिले तर गटातून काढले जाते. उरलेल्या सभासदांना मग गटात फक्त अभिनंदनेच दिसतात. पुढच्या पायरीचा कोर्स या अपराधी भावनेवरच खपतो, शिवाय आधी भरलेले पैसे वाया जाऊ नयेत ही धडपडही त्याच्या जोडीला असते. धीर आणि चिकाटी व्यवसायाला लागते, याबद्दल वाद नाही. पण सल्ल्याची तपासणीच होऊ नये यासाठी जेव्हा चिकाटीचा दाखला दिला जातो, तेव्हा सावध व्हावे.

हे तर विक्रीचे नेहमीचेच तंत्र आहे. यात वेगळे काय?

दिवाळीच्या सवलतीची मुदत साडीचा दुकानदारही सांगतो, हे खरे आहे. साडी मात्र हातात घेऊन, पदर पसरून पाहता येते. सल्ल्याचा दर्जा तो वापरून झाल्यावरच कळतो, तोही कित्येक महिन्यांनी, आणि तेव्हाही अपयश सल्ल्याचे की आपले हे ठरवणे कठीण असते. जिथे माल पारखता येत नाही तिथे गिऱ्हाईक बाहेरच्या खुणांवर विसंबते, म्हणजे भाड्याची गाडी, दुबईचे फोटो, व्यासपीठावरचा सत्कार. घाई आणि लाज यांचा दाब अशा ठिकाणी जास्त नुकसान करतो.

प्रामाणिक सल्लागाराची पारख कशी करावी?

त्याने स्वतः चालवलेल्या, सल्लाविक्रीव्यतिरिक्तच्या व्यवसायाचे नाव विचारावे आणि तो व्यवसाय प्रत्यक्ष जाऊन पाहावा. जीएसटीचे बिल मागावे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे; कोटींच्या कमाईचे पोस्टर लावणारा माणूस वैयक्तिक यूपीआयवर पैसे घेऊन बिलाला टाळाटाळ करत असेल, तर पोस्टर तरी खोटे आहे किंवा करचुकवेगिरी तरी आहे. जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. कंपनी असल्यास तिचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर किरकोळ शुल्क भरून पाहता येतो, आणि तो स्क्रीनशॉटपेक्षा कितीतरी बोलका असतो.

त्याला विचारावे की हा कोर्स कोणी घेऊ नये. याचे नेमके उत्तर देणारे सल्लागार असतात, आणि ते चांगले असतात. प्राथमिक माहितीसाठी जिल्हा उद्योग केंद्र किंवा महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र यांच्याकडे आधी चौकशी करावी. तिथले सादरीकरण चकचकीत नसते आणि कधीकधी साहेब जागेवर नसतात, पण योजना, परवाने आणि प्रकल्प अहवाल यांची माहिती मिळते.

पैसे भरून झाले आहेत. परत मिळू शकतात का?

प्रत्येक वेळी नाही, पण प्रयत्न लगेच करावा. जाहिरात, विक्रीचे पान, व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि पावती यांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवावेत, कारण तक्रार केल्यावर पाने बदलतात. मग ईमेलने लेखी मागणी करावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष सेवा बंद करून पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा: तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, ऑनलाइन, वकिलाशिवाय, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्काशिवाय दावा दाखल करता येतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

डिजिटल कर्ज घेतले असल्यास ते वेगळे देणे आहे. कोर्स आवडला नाही म्हणून हप्ता थांबवला, तर क्रेडिट स्कोअर तुमचाच बिघडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कर्जात सुरुवातीला एक छोटी मुदत असते. तिच्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. ही मुदत कर्जाच्या कागदांत आजच शोधावी.

'तुम्ही व्यवसायासाठी कोर्स घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असे विक्रेता म्हणतो. खरे काय?

व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्याच्या संरक्षणातून वगळलेली आहे, हे अर्धे खरे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी विकत घेतलेल्या वस्तूंचा वापर व्यापारी हेतूत धरला जात नाही, असे स्पष्टीकरण कायद्यातील 'ग्राहक' या शब्दाच्या व्याख्येत दिलेले आहे; त्याच्या मजकुरात सेवांचा उल्लेख मात्र नाही. घरून केक विकणारी गृहिणी किंवा एकट्याने मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा तरुण यांना त्याचा आधार घेण्याचा प्रयत्न करता येतो. कोर्स स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतला होता, हे तक्रारीत सुरुवातीलाच लिहावे.

अनुभव जाहीरपणे लिहिला, तर मानहानीचा दावा होईल अशी धमकी मिळाली आहे. लिहावे का?

लोकहितासाठी केलेले सत्य विधान हा भारतीय न्याय संहितेच्या मानहानीविषयक कलमातील, म्हणजे कलम ३५६ मधील, पहिला अपवाद आहे. तरीही शब्द जपून वापरावेत. 'चोर', 'फ्रॉड' असे न लिहिता कोणत्या तारखेला किती रुपये भरले, लेखी काय कबूल केले होते, काय मिळाले आणि परतावा मागितल्यावर काय उत्तर आले, एवढेच पुराव्यासह लिहावे. तडजोड म्हणून पैसे परत देताना 'यापुढे काहीही लिहिणार नाही' अशा करारावर सही मागितली जाते. रक्कम खात्यात जमा होण्यापूर्वी ती सही करू नये, आणि हेल्पलाइनवरची तक्रारही तोपर्यंत मागे घेऊ नये.